कुंकवाखालची खूण

खंडेनवमीच्या दिवशी सकाळपासून त्या घरात कोणी कोणाशी मोठ्याने बोलले नव्हते. समुद्राकडच्या काचा बंद होत्या, एसीची घरघर अखंड चालू होती, आणि सुमनला वाटत होते की आज ह्या घरघरीनेच घर सांधून धरले आहे. ती थांबली, तर बापलेकांचे आदल्या संध्याकाळचे शब्द पुन्हा बाहेर पडतील.

ते शब्द तिच्या कानांतून गेलेच नव्हते. जर्मनीतल्या आखनहून दोन वर्षांनी घरी आलेला आलोक बॅग उघडण्याआधीच वडिलांच्या काचेच्या कपाटासमोर जाऊन उभा राहिला होता.

"हे दोन अजून इथेच आहेत," तो म्हणाला.

"इथेच असणार," रविकांत हसून म्हणाला. "पाय नाहीत त्यांना."

आलोक हसला नाही. त्याने आवाजही चढवला नाही. "बाबा, ही खूण असलेली वस्तू ह्या घरात असेल, तर मी ह्या घरात पुन्हा यायचा नाही. आलो आहे तेवढे दिवस काढीन. पुढचं तुम्ही ठरवा."

दुसऱ्या कोणाचा मुलगा असे बोलला असता, तर सुमनने ते तरुण रक्त म्हणून सोडून दिले असते. पण आलोकला ती ओळखून होती. सहा वर्षांचा असताना 'कारले खाणार नाही' म्हणाला होता. तेव्हापासून आजतागायत त्याने कारल्याला बोट लावलेले नव्हते. आखनमधल्या कंपनीने त्याला नोकरी देऊ केली होती. तो गेला असता, आणि फोनवर 'बरा आहे' म्हणणारा एक आवाज तेवढा तिच्या वाट्याला उरला असता.

कपाट रविकांतचे होते, आणि त्यातील प्रत्येक वस्तूही त्याचीच. जुन्या जर्मनीत गणवेशाबरोबर कमरेला खंजीर लावण्याची रीत होती. सैनिक, नाविक, वनरक्षक, रेल्वेचे अधिकारी, इतकेच काय, आगीचे बंब चालवणारेही आपापल्या मानाचे खंजीर मिरवीत. असे डझनभर खंजीर रविकांतने वीस वर्षांत जमवले होते. आरंभ झाला तो तेलशुद्धीकरणाच्या प्रकल्पावर आलेल्या एका जर्मन फिटरपासून. मायदेशी परतताना त्याने आपल्या आजोबांचा वनरक्षकी खंजीर रविकांतच्या हाती दिला होता. हरणाच्या शिंगाची मूठ, आणि पात्यावर पळणारे सांबर असे कोरलेले की त्याच्या पायाखालचे गवतसुद्धा वाकलेले दिसावे. झोलिंगन गावच्या कारागिरांच्या त्या हाताने रविकांतला वेड लावले. पात्याला उघड्या बोटाने शिवायचे नाही, चामड्याच्या म्यानात पाते वर्षभर ठेवायचे नाही, आखातातल्या दमट महिन्यांत दर पंधरवड्याला मेणाचा हात फिरवायचा, हे सारे नियम तो सोवळ्यासारखे पाळी.

तक्रार त्यांतल्या दोनच खंजिरांविषयी होती. एकाची मूठ तपकिरी लाकडाची. तिच्यात रुपेरी गरुड बसवलेला, आणि गरुडाच्या नखांत ती वाकड्या हातांची खूण. दुसरा नौदलाचा, हस्तिदंती रंगाच्या मुठीचा. त्याच्या शेंड्यावरच्या पितळी गरुडाच्या पायांतही तीच.

तीच खूण सुमनच्या देव्हाऱ्यासमोर रांगोळीत होती, तिच्या तिजोरीच्या दारावर शेंदराने काढलेली होती आणि तिच्या लग्नाच्या पत्रिकेवरही होती. किंचित तिरपी केली, तर तीच.

हा पेच सुटावा म्हणून आदल्या रात्री जेवताना राजाभाऊंनी एक प्रयत्न करून पाहिला होता. राजाभाऊ रविकांतचे वडील; मुले त्यांना अण्णा म्हणत. उभा जन्म नाशिकला संस्कृत शिकवण्यात गेलेला. उन्हाळ्यापासून ते मुलाकडे कुवेतला राहत होते, आणि घरातल्या पूजेची सूत्रे आपसूकच त्यांच्याकडे आली होती.

"आलोक, चोराने वस्तू नेली म्हणून ती चोराची होत नाही," ते म्हणाले होते. "ते चिन्ह त्यांनी आपले नेले. आपण ते का टाकायचे?"

"आजोबा, चोरीला गेलेलं भांडं परत मिळालं तर आपण घासून घेतो ना? हे घासून निघत नाही."

त्यावर राजाभाऊंनी ताटातला भात कालवला.

आता खंडेनवमीचा पाट पूर्वेच्या भिंतीशी मांडलेला होता. हिंदुस्थानातून विमानाने आलेली झेंडूची फुले परातीत होती. पेटीत दबून काहींच्या पाकळ्या काळवंडल्या होत्या. रविकांतने पांढरे सुती हातमोजे घालून एकेक खंजीर लाल वस्त्रावर ठेवला, विळी-कोयता ठेवला, आपल्या कामावरची मायक्रोमीटरची पेटी ठेवली, आणि ते दोन खंजीर अगदी मधोमध ठेवले.

"मध्येच का?" सुमनने विचारले.

"दरवर्षी मध्येच असतात. माझ्या घरातल्या गोष्टी कुणी आलं म्हणून कडेला जाणार नाहीत." मग थोडे नरमून तो म्हणाला, "हळदकुंकू म्यानांवरच वाहा. कोरडं. चिमूटभर."

तो आंघोळीला गेला. राजाभाऊ आतल्या खोलीत संध्या करीत होते. आलोकच्या खोलीचे दार बंद होते. सुमन पाटासमोर एकटी बसली, आणि त्या एकांतात तिला एक युक्ती सुचली, जी सुचताच तिला आपण फार शहाण्या आहोत असे वाटले. खूण दिसते म्हणून भांडण. झाकली, तर आजचा दिवस टळेल. आजचा टळला की उद्याचे उद्या पाहता येईल. पदराने तरी किती झाकायचे? कागद चिकटवला तर रविकांत पाहील. पण खंडेनवमीला शस्त्रावर कुंकू असणे ह्याहून स्वाभाविक काय? तिने वाटीत कुंकू घेतले, त्यात पळीभर पाणी घातले, दाट गंध कालवले, आणि अनामिकेने दोन्ही गरुडांच्या पायांवर ते असे थापले की खाली काय आहे हे विधात्यालाही कळू नये. वर झेंडूचे एकेक फूल ठेवले.

पूजा झाली. राजाभाऊंनी मंत्र म्हटले, शस्त्रांत देवतेचे आवाहन केले, 'आमचे रक्षण करा' अशी प्रार्थना केली. रविकांतने यजमान म्हणून अक्षता वाहिल्या. फुलांखालचे कुंकू कोणी पाहिले नाही. आलोक खोलीतून बाहेर आला नाही.

दुपारी जेवायला दोघे यायचे होते. रविकांतचा धाकटा भाऊ जयदीप आधी आला, आणि आल्याआल्या पाटाकडे पाहून खूश झाला. "वा, दादा! सगळी पलटण हजर." मग बंद दाराकडे हनुवटी उडवून तो म्हणाला, "आणि साहेब? रुसलेत अजून?"

"हळू बोला, भाऊजी," सुमन म्हणाली.

"हळू काय वहिनी. ज्यांचं मीठ खातो, त्यांच्याच लोकांनी घातलेली वस्तू चालत नाही ह्याला. काही म्हणा, त्या माणसाजवळ शिस्त होती. आपल्याकडे तसा एक जन्मला असता तर रस्ते तरी धड झाले असते."

नेमके तेव्हाच दार उघडले.

आलोकच्या पायांत बूट होते आणि हातात गाडीची किल्ली. त्याने काकांचे बोलणे ऐकले होते, पण तो काकांकडे पाहत नव्हता. एसीचा वारा थेट पाटावर येत होता. हलकी झालेली फुले वस्त्रावर घरंगळली होती. आणि कुंकू वाळले होते. वाळताना ते उंच रेघांवरून पापुद्र्यासारखे सुटून पडले होते आणि खाचांत मात्र घट्ट बसले होते. एरवी ती खूण धातूच्या रंगात कुठे तरी हरवून गेलेली असे. आता ती लाल जमिनीवर लखलखत होती, दोन्हीकडे, दुरून वाचता येईल अशी.

"आई," आलोक म्हणाला, "हे तू केलंस?"

सुमनचा हात घरंगळलेल्या फुलाकडे गेला.

"पूजा केलीस? नेमकी त्याचीच? कुंकू लावून?"

त्याच क्षणी रविकांतने खाली वाकून पाहिले, आणि त्याचा चेहरा उतरला. "ओलं कुंकू? सुमन, ओलं लावलंस? चुना असतो त्यात. मुलामा खाऊन टाकेल ते. तुला किती वेळा..."

नवरा म्हणत होता तिने ती वस्तू नासवली. मुलगा म्हणत होता तिने ती पुजली.

"झाकायला लावलं," ती शेवटी म्हणाली. "तुला दिसू नये म्हणून."

आलोकने डोळे मिटले. किल्ली मुठीत आवळली गेली. "मी दस्मानला मित्राकडे जातो. तिकीट आधीच्या तारखेचं मिळालं तर बघतो."

"जा म्हणावं," रविकांत ताडकन म्हणाला. "कपाटाला भिऊन घर सोडणारा पोरगा..."

"रवी." राजाभाऊ आतून बाहेर येऊन उभे होते. त्यांनी फक्त नाव घेतले.

आणि दाराची घंटा वाजली. दुसरा पाहुणा उस्मान होता. जहऱ्याला त्याचे धान्याचे दुकान, मूळचा रत्नागिरीकडचा. ह्या घरात तो सोयऱ्यापेक्षा जवळचा होता, आणि त्याला कारणही तसेच होते. त्याला पाहताच रविकांतला जणू साक्षीदार मिळाला.

"ये, उस्मान. बरा आलास. ह्याला सांग. नव्वद साली आम्ही नेसत्या वस्त्रांनिशी अम्मानच्या रस्त्याला लागलो, तेव्हा ही पेटी कुणी सांभाळली? सांग."

उस्मानने एकेकाच्या तोंडाकडे पाहिले, चपला काढल्या, आणि भिंतीशी टेकून बसला. "बाबूला ठाऊक हाय ते."

"ठाऊक नाही. सात महिने तू तांदळाच्या गोणीत लपवलीस. इराकी सैनिक आले होते तेव्हा काय झालं ते सांग त्याला."

"काय होणार? गोणीत सळई खुपसली. लोखंडावर लोखंड वाजला. मी म्हटला, वजनाची मापं हायत. माझी बायको रहिमा आत कुराण पढत होती, तिचा आवाज थांबला. त्यांनी एक गोण उचलून नेली. दुसरी. ही नेमकी नाय नेली."

"ऐकलंस?" रविकांत आलोककडे वळला. "आम्ही परतलो तेव्हा घरात नळसुद्धा नव्हते. भिंतीतून उपटून नेले होते. तुझे पाळण्यातले फोटो, माझ्या आईची एकुलती एक चिठ्ठी, सगळं गेलं होतं. उरलं ते एवढं. ह्या माणसाने मान पुढे करून राखलेलं. आणि तू मला सांगतोस, ह्यातलं काढा. उस्मान, सांग त्याला, कशासाठी मान पुढे केलीस."

उस्मानने गुडघ्यावरचा हात उलटा करून पाहिला. "रवीभाय, खरा बोलू? मी पेटी उघडलीच नव्हती. तुम्ही जपून ठेव बोललात, ठेवली. आत तुमच्या जुन्या चपला असत्या, तरी हाच केला असता."

जयदीप खुदकन हसला.

रविकांत मात्र पाटाच्या कडेला खाली बसला. इतकी वर्षे त्याने त्या पेटीचे मोल उस्मानच्या प्राणांशी जोडले होते, आणि उस्मानने ते जोडलेच नव्हते.

"मला माहीत आहे, बाबा," आलोक दारातूनच म्हणाला. "परत आलो तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. तुम्ही ती पेटी मांडीवर घेऊन रडला होतात, ते मी पाहिलं आहे. म्हणून तर सगळे नको म्हणालो नाही. दोन म्हणालो."

"पण का?" सुमनने विचारले. "खरं सांग, बाळा. नुसतं पुस्तकात वाचून कोणी घर सोडत नाही."

आलोकने हातातली किल्ली उलटीपालटी केली. "तू दिवाळीला तोरण पाठवलं होतंस. मोत्यांचं."

सुमनला ते आठवायची गरज नव्हती. महिनाभर बसून तिने ते ओवले होते. मधोमध लाल मण्यांचे स्वस्तिक होते. फोनवर तिने विचारले होते, 'लावलंस का?' आणि तो 'हो' म्हणाला होता.

"मी ते खोलीच्या दारावर लावलं. आमची घरमालकीण ऐंशीच्या घरातली. रोज संध्याकाळी जिना चढून माझ्यासाठी सूप आणायची. त्या दिवशी तिने दार पाहिलं, आणि पायरीवर बसली ती उठेच ना. सूप सांडलं. तिच्या वडिलांचं घड्याळांचं दुकान होतं. ती लहान असताना त्यांना दुकानातून ओढत नेलं, ते कमरेला असे खंजीर लावलेल्या लोकांनी." त्याने लाकडी मुठीकडे बोट केले. "ते परत आले नाहीत. मी तोरण काढलं. तिच्याशेजारी बसून समजावलं, की आमच्यात हे मंगल आहे, आईने केलं आहे, फार जुनं आहे. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, मला कळलं, पण माझ्या पायांना कळत नाही."



"मला का नाही सांगितलंस?" सुमन म्हणाली.

"काय सांगणार होतो? तुझं तोरण बघून माणूस कोसळलं, असं?"

राजाभाऊ सावकाश पाटापाशी आले. गुडघ्यांवर हात ठेवून, धोतर सावरून ते आसनावर बसले. "त्या पात्यावर अक्षरे आहेत. सकाळी रवी ते म्यानात घालत होता तेव्हा पाहिली, मला ती लिपी वाचता आली नाही. काय लिहिले आहे?"

आलोकने तिथूनच सांगितले. त्याला ते पाठ होते. "सर्व काही जर्मनीसाठी."

"सर्व काही म्हणजे?"

"सर्व काही, आजोबा. घड्याळवालाही."

राजाभाऊंनी मान हलवली. जन्मभर शब्दांचे अर्थ लावलेल्या त्या माणसाने हा अर्थ मनात किती वेळ फिरवला, कोण जाणे. मग ते म्हणाले, "सकाळी मी ह्याला 'रक्षण कर' म्हटले. तू कोणाचे रक्षण केलेस, हे विचारले नाही. शस्त्राला आधी ते विचारावे लागते. चिन्ह आपले आहे, आलोक, हे मी अजूनही म्हणेन. उंबऱ्यावर ते राहील. पण ह्या मुठीवरचे आपले नव्हे, आणि त्याची पूजा मी केली. सुमनने नाही. तिने झाकले; मंत्र मी म्हटले."

त्यांनी पळीत पाणी घेतले.

"अण्णा," जयदीप पुढे झाला, "हे काय? आज हलवायचं नसतं. दशमीची उत्तरपूजा झाल्याशिवाय मांडलेलं शस्त्र हलवत नाहीत. तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

"मीच शिकवले. दोष लागेल तो मला लागेल. तू बाजूला बस. आणि जयदीप, शिस्त त्या घड्याळवाल्याच्या दुकानातही होती."

जयदीप मागे सरला आणि उस्मानशेजारी भिंतीला टेकला.

राजाभाऊंनी त्या दोन खंजिरांवर पाणी सोडले आणि विसर्जनाचे शब्द म्हणायला आरंभ केला. आवाज म्हातारा होता, पण एकेक अक्षर स्वच्छ होते. पूजा घेऊन देवतांनी आपल्या स्थानी जावे, इथवर ते आले, आणि थांबले. 'पुनरागमनाय च', पुन्हा येण्यासाठी, हे शेवटचे शब्द प्रत्येक विसर्जनाला असतात. गणपतीला असतात, गौरीला असतात, घरातल्या प्रत्येकाच्या जिभेवर असतात. सारे त्या शब्दांची वाट पाहत राहिले. ते आले नाहीत.

"अण्णा, पुढचं राहिलं," रविकांत हलकेच म्हणाला.

"ते म्हणायचे नाही. आता हलवायचे यजमानाने. माझे काम संपले."

रविकांत हलला नाही. त्याची नजर त्या दोन गरुडांवर होती, आणि सुमनला त्याच्या मनात काय चालले आहे ते दिसत होते: उजाड घर, उपटलेले नळ, तांदळाच्या गोणीतून निघालेली पेटी. दारात आलोक उभा होता, एक पाय आत आणि एक बाहेर. तिला दोघांनाही हाक मारावीशी वाटली, पण ह्या हाकेने काही व्हायचे असते, तर ते काल रात्रीच झाले असते.

मग रविकांतने दोन्ही खंजीर उचलले. वस्त्रावर त्यांच्या जागी अक्षतांमध्ये दोन लांबट रिकाम्या रेघा उरल्या. ते हातात घेऊन तो उभा राहिला खरा, पण आता ते ठेवायचे कुठे, हे त्याला सुचेना. कपाटाकडे त्याने पाहिले आणि नजर फिरवली. मेजावर? खिडकीत? आपल्याच घरात तो परक्यासारखा उभा होता.

"तुझ्या त्या गावात," तो आलोककडे न पाहता म्हणाला, "संग्रहालय आहे ना? काय झालं ते दाखवणारं?"

"आहे."

"घेतील?"

"घेतील. मी विचारतो. कायदेशीर पाठवायला वेळ लागेल."

"तोवर गाडीत राहतील. घरात नकोत." रविकांत दाराकडे वळला. "पण कुंकू तसंच राहू दे म्हणावं. धुवायचं नाही. कुणी लावलं आणि का, तेही त्यांनी लिहावं."

सुमन उठली आणि तिने दार पूर्ण उघडले. रविकांत दोन्ही हात छातीशी धरून बाहेर पडला. लिफ्टची कळ दाबायला त्याचा एकही हात मोकळा नव्हता.

"थांबा, बाबा," आलोक म्हणाला. "मी येतो."

लिफ्टचे दार मिटल्याचा आवाज आला. सुमन उंबऱ्याशी उभी राहिली. मागे नैवेद्याचे ताट निवत होते. वेळ चुकलेला नैवेद्य राजाभाऊंना कधी खपला नव्हता. ती वळून काही म्हणणार, तोच ते आसनावर मांडी ठोकून, डोळे मिटून म्हणाले,

"राहू दे, सूनबाई. दोघे वर येऊ देत. देव थांबेल."